नसलेल्या पोराची बातमी

आईच्या पोटी कधी आलंच नाही अशा एका पोराला हुडकायला १९८० साली वॉशिंग्टन शहराचे पोलीस दोन-अडीच आठवडे गल्ल्या पालथ्या घालत होते. बक्षीस लागलं. महापौर बोलला. पोराचं नाव जिमी, वय आठ, कातडी काळी, दंडावर सुयांच्या खुणा. पोरगं सापडलं नाही. कारण ते 'वॉशिंग्टन पोस्ट' नावाच्या बलाढ्य वर्तमानपत्राच्या २८ सप्टेंबर १९८० च्या रविवारच्या अंकात राहत होतं. पहिल्या पानावर. दुसरीकडं कुठंच नाही.

पत्रकारितेच्या वर्गात ही गोष्ट शिकवतात. खोटं लिहिलं की काय होतं ते बघा, म्हणून. बाईची नोकरी गेली, बक्षीस गेलं, नाव गेलं. तास संपला. मी असल्या वर्गात बसलेलो नाही. इंग्रजी मला तुटकंच येतं. ती मूळ बातमी, आणि नंतर त्याच पेपरानं स्वतःवर छापलेला लांबलचक अहवाल, मी पाळी सुटल्यावर डिक्शनरी मांडीवर घेऊन महिनाभर वाचत होतो. आपल्याकडं १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या काळ्यांच्या पँथरचं नाव घेऊन. त्यामुळं तिथल्या काळ्या मोहल्ल्याबद्दल कुणी काय छापलं हा प्रश्न मला परका वाटत नाही. वाचून मला जे दिसलं ते वर्गातल्या गोष्टीशी जुळत नाही, म्हणून हे लिहितोय. आणखीही एक कारण आहे. ते शेवटी सांगतो, कारण ते सांगायला अजून जड जातंय.

बाईचं नाव जॅनेट कुक. जन्म १९५४ चा, ओहायो राज्यातल्या टोलेडोचा. स्वतः काळी. टोलेडोच्या 'ब्लेड' या पेपरात काम करून १९८० च्या सुरुवातीला 'पोस्ट'मध्ये आली. शहरात हेरॉईनचं व्यसन वाढलंय, त्याची माहिती काढ, असं तिला सांगितलं होतं. ती टिपणं घेऊन आली. त्यात कुठंतरी आठ वर्षांच्या एका व्यसनी पोराचा उल्लेख होता. शहर-संपादक मिल्टन कोलमन, तोही काळाच, त्या एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, हीच खरी बातमी, हिच्यामागं लाग, ही पहिल्या पानावर जाईल. झालं. आता पोरगं पाहिजेच होतं. बाई हिंडली. मिळेना. मग काही दिवसांनी म्हणाली, मिळालं.

इथं जरा थांबा. बातमी अजून लिहिलेलीच नाही, आणि तिची जागा ठरलेली आहे. माल तयार व्हायच्या आधी गिऱ्हाईक दारात उभं आहे.

कोलमननं तिला वचन दिलं की पोराचं आणि आईचं नाव आम्हाला सांगू नकोस, गुप्त ठेव. त्यानंही विचारलं नाही, त्याच्या वरच्यानंही नाही. वरचा म्हंजे बॉब वुडवर्ड. वॉटरगेटमध्ये निक्सनला खाली ओढणाऱ्या दोघांतला एक. राष्ट्राध्यक्षाचा कागदन्‌कागद ज्यानं तपासला, त्याला आठ वर्षांच्या काळ्या पोराचा पत्ता तपासावासा वाटला नाही.

आता बातमीकडं येऊ. मी कविता लिहितो, म्हणून ती कविता वाचतात तशी शब्द धरून वाचली. पहिली गोष्ट म्हंजे ती लिहिलीय झकास. पोराचे डोळे मखमली. दंड बारीक, कातडी बाळासारखी मऊ, तिच्यावर सुयांचे ठिपके. तीन पिढ्यांचं व्यसन. आजी, आई आणि आता हा. आईचा यार घरात धंदा करतो, तोच पोराला सुई टोचतो. पोराला मोठं होऊन तेच व्हायचंय. शाळेत आवडता विषय गणित, कारण धंद्याला हिशेब लागतो. शेवटी यार पोराचा दंड धरतो आणि सुई आत जाते, तिथं उपमा आहे ताज्या भाजलेल्या केकची. सोबत फोटो नाही. चित्र काढून छापलंय.

केकच्या उपमेपाशी मी अडकलो. सुई खुपसताना बघणाऱ्या माणसाला केक आठवतो का? मी एकदा एका माणसाची बोटं मशीनमध्ये जाताना बघितलीत. मला त्या वेळी कशाची उपमा सुचली नाही. घरी गेल्यावर, चार दिवसांनी, कविता लिहायला बसल्यावर सुचली. उपमा ही बसून केलेली गोष्ट आहे. बातमीत ती अगदी नेमकी, अगदी चमकदार आली की वाचणाऱ्यानं विचारावं, बाई, तुम्ही त्या खोलीत उभ्या होतात की टेबलाशी बसला होतात?

दुसरं असं की पोरगं कुठंच अडत नाही. आमच्या वस्तीतलं कुठलंही आठ वर्षांचं पोरगं घ्या. त्याला विचारा, मोठेपणी काय होणार. ते आधी लाजेल, मग खोटं सांगेल, मग पळून जाईल. जिमी पळत नाही. लेखिकेला जे वाक्य हवंय ते बरोब्बर त्या ठिकाणी बोलतो. त्याची आई तशीच, यार तसाच. तिघंही गोऱ्या वाचकाला जे आधीपासून माहीत आहे तेच पुन्हा सांगतात. म्हंजे, ही माणसं अशीच असतात. बाप नसतो, यार असतो. पोराला पाजतात, टोचतात. पिढ्यान्‌पिढ्या. यात पोलीस नाही, घरमालक नाही, शहरात हेरॉईन आणणारा कुणी मोठा नाही. सगळा गुन्हा एका खोलीत मावतो आणि खोली काळ्यांची आहे. ही बातमी खरी असती तरी मी तिला वाईटच म्हटलं असतं.

तर अशी ती छापली. शहर हादरलं. पोलीसप्रमुखानं विचारलं, पोरगं कुठं आहे. पेपरानं सांगितलं, बातमीदाराचा स्रोत गुप्त ठेवणं हा आमचा घटनेनं दिलेला हक्क. हा हक्क मोठा आहे, मी त्याला नाक मुरडत नाही. पण त्या पेपरात पहिल्या पानावर छापणाऱ्यांना तर पोरगं खरं आहे असंच वाटत होतं ना? म्हंजे त्यांच्या समजुतीप्रमाणं एका खोलीत आठ वर्षांच्या पोराला रोज सुई टोचली जात होती, आणि ते त्याला तिथंच ठेवून बातमीचं कौतुक करत होते. पोराला बाहेर काढा असं त्या मजल्यावर कुणाला आधी सुचलं नाही. मला कुकबाईच्या खोट्यापेक्षा हे जास्त भयंकर वाटतं.

महापौर मॅरियन बॅरीची तऱ्हा आणखी निराळी. तो आधी म्हणाला की पोरगं आम्हाला माहीत आहे, उपचार चालू आहेत. नसलेल्या पोरावर उपचार! पुढाऱ्यांची जात सगळीकडं एकच.

शंका कुणालाच आली नाही असं नाही, हे नीट लक्षात घ्या. कोर्टलँड मिलॉय हा त्याच पेपरातला काळा बातमीदार. तो कुकबाईला गाडीत घेऊन जिमीचा मोहल्ला बघायला गेला. बाईला घर दाखवता येईना. घरच काय, तो भागच तिच्या ओळखीचा दिसेना. त्यानं येऊन सांगितलं. वर वाटलं, हा जळतोय. व्हिव्हियन ॲप्लिन-ब्राउनली ही कुकबाईची आधीची संपादक, तीही काळी. तिचा तर पहिल्यापासून विश्वास नव्हता. जे त्या मोहल्ल्यांना ओळखत होते त्यांना वास आला. त्यांना विचारलं गेलं नाही, किंवा सांगूनही ऐकलं गेलं नाही. बातमी पुलित्झर बक्षिसाला पाठवली.

१३ एप्रिल १९८१ ला बक्षीस लागलं.

आणि आता बघा ती पकडली कशी गेली. वर्गात हे घाईघाईनं सांगतात, माझ्या मते सगळं इथंच आहे. बक्षीस मिळालेल्यांची माहिती पेपरांत आली. कुकबाईनं फॉर्मवर लिहिलं होतं की ती व्हासार या बड्या घरच्या मुलींच्या म्हणून गाजलेल्या कॉलेजातून मानानं पदवी घेऊन बाहेर पडली, पॅरिसच्या सोरबॉनला शिकली, इतक्या-इतक्या भाषा येतात. टोलेडोच्या जुन्या पेपरातल्या लोकांनी वाचलं आणि म्हणाले, हे आमच्याकडच्या कागदाशी जुळत नाही. व्हासारकडूनही कळलं की ती इथं एकच वर्ष होती. तिची पदवी टोलेडो विद्यापीठाची. मग संपादकांनी तिला खोलीत घेतलं, फ्रेंच बोलून दाखव म्हणाले, रात्रभर विचारपूस केली. पहाटेपर्यंत ती मोडली. जिमी नाही, म्हणाली. १५ एप्रिलला राजीनामा, बक्षीस परत. ते 'व्हिलेज व्हॉइस'च्या टेरेसा कार्पेंटरला दिलं.

हिशेब करा. जिमीबद्दलचं खोटं साडेसहा महिने उभं राहिलं. पोलीस, महापौर, बक्षीस देणारे, सगळ्यांसमोर. व्हासारबद्दलचं खोटं दोन दिवस टिकलं नाही. का? व्हासारला रजिस्टर आहे. माजी विद्यार्थिनी आहेत, फोन आहे, आणि आपल्या नावाला कुणी उगीच चिकटलं तर दुखणारा अभिमान आहे. काळ्या मोहल्ल्याला कचेरी नाही. तिथून कुणी फोन करून म्हणत नाही की आमच्याकडं असलं पोरगं नाही. आणि म्हटलं, तर तो जळतोय.

या दोन खोट्यांना लोक वेगळं काढतात. एक पदवीचं, एक बातमीचं. मला ती एकाच शिलाईची वाटतात. बाईला वर जायचं होतं. वरच्यांना स्वतःसारखी दिसणारी काळी बाई हवी होती, तर तिनं व्हासार आणि पॅरिस दिलं. त्यांना खाली बघताना जे बघायची सवय होती, ते तिनं जिमीत दिलं. दोन्हीकडं तिनं गिऱ्हाइकाचं माप घेतलं. स्वतः ती ना पॅरिसची होती ना त्या खोलीतली. ती टोलेडोची साधी मध्यमवर्गी मुलगी होती आणि त्या कचेरीत तेवढ्याला भाव नव्हता. हे मी तिला सोडवायला म्हणत नाही. तिनं खोटं केलं आणि ते ज्यांच्यावर केलं ते तिचेच लोक होते. पण विणणारीचं तेवढं नाव आणि सूत देणाऱ्याचं नाही, हे मला मान्य नाही.

आमच्या सूतगिरणीत कोनाच्या पेटीवर लॉट नंबर असतो. गिऱ्हाइकाकडनं माल परत आला की नंबरावरनं मागं जातात. कुठली मशीन, कुठली पाळी, कापूस कुठल्या गाठींचा, मिक्सिंग कुणी ठरवलं. शिक्षा शेवटी साईडवर उभ्या असलेल्या पोरालाच होते ही गोष्ट वेगळी, पण निदान कागद तरी मागं जातो.

'पोस्ट'नं कागद मागं नेला, एवढं श्रेय द्यायला पाहिजे. त्यांच्याकडं वाचकांच्या बाजूनं पेपरावर टीका करायला नेमलेला माणूस होता, बिल ग्रीन. त्यानं चारच दिवसांत, १९ एप्रिलच्या अंकात, सुमारे चौदा हजार शब्दांचा अहवाल छापला. पहिल्या पानापासून आत पानंच्या पानं. वर मी जे सांगितलं त्यातलं बरंच त्याच अहवालातलं. कोण कुणाला काय म्हणालं, कुणी विचारलं नाही, सगळं नावानिशी. आपल्याकडचा कुठला पेपर स्वतःच्या अब्रूची अशी चिरफाड करेल, सांगा. पण चिरफाड झाली आणि ब्रॅडली संपादक म्हणून १९९१ पर्यंत खुर्चीत राहिला. वुडवर्ड पेपरात राहिला, पुस्तकं लिहीत मोठा झाला. त्यानं तर ती बातमी खोटी असली तरी झकास होती अशा अर्थाचं बोलून दाखवलं. कुकबाई १९९६ मध्ये एका मुलाखतीतनं पुन्हा लोकांसमोर आली तेव्हा मिशिगनमधल्या कलमाझूत एका दुकानात कपडे विकत होती. तासाला सहा डॉलर.

बरं, ती एकटीच असं नाही. १९९८ मध्ये 'न्यू रिपब्लिक'चा स्टीफन ग्लास पकडला गेला. गोरा, चांगल्या विद्यापीठातला, वय पंचवीस. ४१ पैकी २७ लेखांत बनवाबनवी. त्यातला १९९६ चा एक लेख टॅक्सीवाल्यांवर आहे. वॉशिंग्टनमधले काळे आता टॅक्सी चालवायला तयार नाहीत, मेहनत बाहेरून आलेले करतात, आणि काळा पोरगा टॅक्सीत बसून लुटतो, असलं त्यात रंगवलेलं. पुन्हा तेच. बनवायचं तर काळ्याबद्दल बनवावं, तिथं कुणी तपासायला जात नाही. ग्लासलाही शिक्षा झाली, ते लपवायचं कारण नाही. तो वकिली शिकला पण २०१४ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याला सनद द्यायला नकार दिला. २००३ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'चा जेसन ब्लेअर, हा काळा. त्याच्या ७३ पैकी ३६ बातम्यांत घोळ निघाला. या वेळी वरचे दोघेही गेले, त्यातला एक जेराल्ड बॉइड, त्या पेपराच्या बातमीदारीत एवढ्या वर पोचलेला पहिला काळा माणूस.

पण फरक बघा. कुक पकडली गेली, ब्लेअर पकडला गेला, की लगेच बोंब, काळ्यांना भरती करायच्या नादात दर्जा घालवला. ग्लास पकडला गेला तेव्हा कुणी म्हणालं का, गोरे हुशार विद्यार्थी घेणं आता बंद करा? जर्मनीत २०१८ मध्ये 'श्पीगल'चा क्लास रेलोटियस पकडला गेला. बक्षिसावर बक्षीसं मिळवलेला. त्याला उघडा पाडला ह्वान मोरेनो या बाहेरून काम करणाऱ्या, मूळच्या स्पेनमधल्या माणसानं, आणि आधी त्याच्यावरच कुणी विश्वास ठेवेना. तेव्हा कुणी म्हणालं का की जर्मनांचं रक्तच खोटं? त्यांचा चोर एकटा चोर असतो. आपला चोर जातीचा प्रतिनिधी असतो. राखीव जागेवरच्या एका डॉक्टरचा हात चुकला की काय ऐकावं लागतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

आपल्याकडं येऊ. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांचं 'मूकनायक' निघालं, त्या वेळी 'केसरी'नं पैसे देतो म्हटलं तरी त्याची जाहिरात छापली नाही. हे आपण भाषणात सांगतो, टाळ्या पडतात. पण आजचा त्रास न छापण्यापेक्षा छापण्यात जास्त आहे. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली. आई, मुलगी, दोन मुलगे. सुरुवातीच्या बातम्यांत कारण काय आलं? अनैतिक संबंध. ज्यांना मारलं त्यांच्याच अंगावर हे चिकटवून मोकळे. वस्तीत जाऊन विचारायला लागत नाही, असं काही छापायला. ते शब्द वार्ताहराच्या हाताशी आधीच जुळवून ठेवलेले असतात, जसे तिकडं जिमीसाठी ठेवलेले होते. त्यावर चौदा हजार शब्दांचा अहवाल आपल्या वाट्याला आला नाही. प्रेस कौन्सिल आहे, १९७८ च्या कायद्याची. ती चौकशी करून ताकीद देते, समज देते, नापसंती नोंदवते. दंडसुद्धा करता येत नाही तिला.

आता माझ्या डोळ्यांदेखतची गोष्ट. मघाशी बोटांचं बोललो ती हीच. २०२२ साली आमच्या गिरणीत कार्डिंगला एका ठेक्यावरच्या माणसाची दोन बोटं गेली. मशीन गुंतली होती. बंद करून साफ करायचं तर उत्पादन मार खातं, म्हणून दाराचा सुरक्षेचा स्विच बांधून ठेवलेला. सगळ्यांना माहीत. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पेपरात चार ओळी आल्या. दारूच्या नशेत कामगाराचा हात यंत्रात. हा माणूस धम्मदीक्षा घेतलेला, दारूला शिवत नाही. वार्ताहर गिरणीच्या गेटपर्यंतसुद्धा आला नव्हता. कुणीतरी फोनवर सांगितलं, त्यानं छापलं.

या चार ओळी फुकट छापल्या असं कुणी समजू नये. ठेकेदारानं त्याचं नाव ईएसआयला भरलंच नव्हतं, म्हंजे भरपाई १९२३ च्या कायद्यानं मागायची. त्या कायद्यात असं होतं की माणूस मेला नाही किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला नाही, आणि इजा थेट दारूच्या अमलामुळं झाली, तर मालकावर भरपाईचं बंधन नाही. बोटं दोनच गेली होती. ठेकेदार कात्रण खिशात घेऊन फिरायचा. आम्ही तिघं पेपराच्या कचेरीत गेलो. खुलासा छापा म्हटलं. तिथले साहेब चहा पीत होते, म्हणाले, नाव कुठं छापलंय आम्ही? मग कुणाची बदनामी झाली? खरंच नाव नव्हतं. नुसतं 'कामगार' होतं. म्हंजे आम्हा सगळ्यांना प्यायलेलं ठरवलं तर बदनामी कुणाचीच नाही.

ते प्रकरण शेवटी कसंबसं मिटलं, कायद्यानं मिळायचं त्यापेक्षा कमी पैशांत. पण मी रागानं पेटलो होतो. मी कविता लिहिली. ती याच मासिकानं गेल्या वर्षी छापली, संपादकांनी पत्र लिहून कौतुक केलं, दोन कविसंमेलनांत मी ती म्हटली. त्या कवितेत बोटं गेलेल्या माणसाची आई आहे. ती गेटवर ऊर बडवते, रक्तानं भिजलेली बोटं पदरात मागते. त्या कडव्याला लोक उठून टाळ्या वाजवायचे.

एकदा तो स्वतः ऐकायला आला. मागं बसला होता. कार्यक्रम संपल्यावर चहा घेताना म्हणाला, "लेका, माझी आई तर मी सहावीत असताना गेली. तू तिला गेटवर रडायला कुठनं आणलीस?" मी हसून म्हणालो, अरे, कविता आहे ती. तो म्हणाला, "त्या पेपरवाल्यानं मला दारू पाजली. तू मला आई दिलीस. मला कुणीच विचारलं नाही." आणि बशी खाली ठेवून निघून गेला.

गाब्रिएल गार्सिया मार्केझनं १९८१ सालीच कुकबाईवर एक लेख लिहिला होता. पत्रकारितेचं बक्षीस तिला देणं बरोबर नव्हतं, पण साहित्याचं न देणं हा त्याहून मोठा अन्याय, अशा अर्थाचं त्यात म्हटलंय. हे वाक्य मला आधी फार आवडलं होतं. मोठा लेखक, तोही गरीब देशातला, बाजूनं बोलतोय असं वाटलं. आता तेवढं सरळ वाटत नाही. मार्केझचं गाव काल्पनिक आहे हे वाचणाऱ्याला पहिल्या पानापासून माहीत असतं. आपल्या मासिकांतली कविता तशी वाचली जात नाही. 'जगलेलं लिहिलंय' म्हणून वाचली जाते. आपणच तसं ठणकावून सांगितलंय गेली पन्नास वर्षं. हे आमचं भोगलेलं आहे, तुमच्यासारखं कल्पनेचं नाही. ते सांगितल्यावर मग मला आई बनवता येते का? मी जे बनवलं तेही माप घेऊनच बनवलं. टाळ्या कुठं पडतात ते मला माहीत होतं. रडणारी आई चालते. बांधून ठेवलेला स्विच चालत नाही, त्याला कुणी टाळी देत नाही, आणि कवितेत मी तो घातलाही नव्हता. ठेकेदाराचं नाव न भरणं घातलं नव्हतं. बघा म्हंजे, मी जिमीच्या खोलीत पोलीस नाही, घरमालक नाही म्हणून वर एवढं बोललो. माझ्या कवितेत तरी कोण होतं?

आपल्या अंकांसाठी येणाऱ्या कथा-कवितांची टपाल मी संपादकांना वाचायला मदत करतो. त्यांत बलात्कार, वेठ, मेलेली ढोरं, उष्टं अन्न. बरंच खरं आहे, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. काही वाचताना मात्र केकची उपमा आठवते. पोरांनो, तुम्हाला कुणी हिणवत नाही. मीही तेच केलं. पण आलेल्या लिखाणाबद्दल, हे कुणाचं आहे, त्याला विचारलं का, एवढं आपण आपल्यातच विचारायला काय हरकत आहे? 'पोस्ट'मध्ये ज्यांनी विचारलं ते मिलॉयसारखे लोक होते, मोहल्ला ओळखणारे. आपल्या अंकाचे वाचक तर सगळेच मोहल्ल्यातले.

संपादकांशी बोलून खालचा मजकूर याच अंकात द्यायचं ठरलं आहे. तो मी त्याला वाचून दाखवला. त्यानं दोन ठिकाणी दुरुस्त केला.

खुलासा: गेल्या वर्षीच्या अंकात छापलेल्या माझ्या गिरणीवरच्या कवितेत जी आई आहे, ती नव्हती. ती त्याआधी बऱ्याच वर्षांपूर्वी वारली होती. त्या दिवशी गेटवर कुणीच रडत नव्हतं. जखमी माणसाला टेम्पोतून नेलं, सोबत खात्यातले दोघं होते. तो प्यायलेला नव्हता. कार्डिंगच्या दाराचा स्विच सुतळीनं बांधलेला होता, आणि अपघातानंतर तासाभरात ती सुतळी कुणीतरी कापून नेली. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट गेलं, कवितेत मी डावा हात लिहिला होता.